बालकांसाठी अ‍ॅपची निवड : शांतपणाची कसोटी

जेवावयास नकार देणाऱ्या किंवा रडणे न थांबविणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल द्यावयाचा, ही रीत आता शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. एस.टी.च्या प्रवासात, आठवड्याच्या बाजारात, आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर आणि लग्नाच्या मांडवातही दोन-अडीच वर्षांची बालके बोटाने पडदा सरकवीत बसलेली आढळतात. पालकांकडे चौकशी केल्यास बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "शिकण्याचेच अ‍ॅप आहे," असे ते सांगतात. दुसरीकडे अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या शिक्षिका आणि अलीकडे ग्रामपंचायतींचे सदस्यही याच संदर्भात विचारणा करू लागले आहेत. अंगणवाडीसाठी टॅब किंवा मोठा पडदा घ्यावयाचा झाल्यास त्यावर असावे तरी काय? 'शैक्षणिक' म्हणविणाऱ्या अ‍ॅपची संख्या अफाट आहे. त्यांतून शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या बालकास कोणते योग्य, हे कसे ओळखावयाचे, यासंबंधीची माहिती या लेखात देण्याचा विचार आहे.

आरंभीच एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट ठरेल. 'शांत अ‍ॅप' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ संभवतात. मुलाला गप्प बसविणारे अ‍ॅप हा एक, आणि स्वतः शांत असलेले अ‍ॅप हा दुसरा. हे दोन अर्थ जवळचे वाटले तरी प्रत्यक्षात परस्परविरोधी आहेत. मुलाला तासभर हालू न देणारे अ‍ॅप बहुधा अत्यंत गोंगाटाचे, भडक रंगांचे आणि क्षणाक्षणाला काहीतरी नवे पुढे करणारे असते. याउलट जे अ‍ॅप खरोखर शांत असते, ते हाती असता मूल बोलते, प्रश्न विचारते, मध्येच उठून जाते. पालकाच्या दृष्टीने ही गैरसोय आहे. बालशिक्षणाच्या दृष्टीने मात्र तेच त्या अ‍ॅपचे सार्थक होय.

वयाची मर्यादा

अ‍ॅप निवडण्यापूर्वी ते निवडण्याचे वय झाले आहे काय, हे पाहावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पहिल्या वर्षात पडदा मुळीच नको; दुसऱ्या वर्षातही तो नसावा; दोन ते चार वर्षे वयात दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये तयार केलेल्या सूचनांचा आशयही असाच आहे. दोन वर्षांखालील बालकासाठी त्यांनी एकच सवलत ठेवली आहे, ती म्हणजे दूर असलेल्या नातलगांशी अधूनमधून होणारे दृश्य संभाषण.

ही सवलत वरवर विसंगत वाटते. मुंबईस नोकरीला असलेला बाप पडद्यावर दिसला तर चालेल आणि पडद्यावरची बाराखडी नको, असे का? याचे उत्तर एका प्रसिद्ध प्रयोगात मिळते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधिका पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चिनी भाषेचा परिचय करून दिला. काही बालकांसमवेत चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली आणि तिने पुस्तके वाचून दाखविली. इतर बालकांना तीच व्यक्ती, तेच खेळ आणि तीच पुस्तके पडद्यावर दाखविण्यात आली, तर काहींना नुसता आवाज ऐकविण्यात आला. बारा बैठकांनंतर पहिल्या गटातील बालके चिनी भाषेतील वेगळे ध्वनी ओळखू लागली. पडद्यावर पाहणारी व नुसती ऐकणारी बालके, चिनी कधीच न ऐकलेल्या बालकांच्या पुढे गेली नाहीत. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसून आले की, पडद्यावरील व्यक्ती मुलाशी खरोखर संवाद साधत असेल, म्हणजे त्याच्या बोलण्याला व हालचालीला तत्काळ प्रतिसाद देत असेल, तर मुले नवे शब्द शिकतात. आधी चित्रित केलेल्या बोलण्यातून ती शिकत नाहीत. पडदा असणे वा नसणे यापेक्षा समोर उत्तर देणारे माणूस असणे महत्त्वाचे, असा याचा अर्थ. पडद्यावरचा बाप बाळाच्या हुंकाराला हुंकार देतो; बाराखडीचे चित्रफीत-गाणे तो देत नाही.

दोन ते सहा या वयात मुलाची समज वाढते आणि पडद्यावर पाहिलेले प्रत्यक्ष वस्तूशी जोडणे त्याला जमू लागते. तरीही शेजारी मोठे माणूस असण्याची गरज संपत नाही. पुढे सांगितलेल्या सर्व कसोट्या याच वयोगटासाठी आहेत.

'शैक्षणिक' हे लेबल

अन्नपदार्थाच्या वेष्टनावर काय छापावे यास कायद्याचे बंधन आहे. अ‍ॅपला 'शैक्षणिक' म्हणण्यास असे कोणतेही बंधन नाही. विकणारा म्हणतो म्हणून ते शैक्षणिक, एवढाच त्याचा आधार. २०१५ मध्ये कॅथी हर्श-पासेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या शास्त्रावर आधारलेल्या चार कसोट्या मांडल्या : मुलाचे डोके कामाला लागते काय, त्याचे लक्ष एका गोष्टीवर टिकते काय, जे शिकावयाचे ते त्याच्या जगण्याशी जोडलेले आहे काय, आणि त्यातून दुसऱ्या माणसाशी बोलणे घडते काय. या कसोट्या लावून अमेरिकेत १२४ अ‍ॅप तपासण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत निम्म्याहून अधिक अ‍ॅप खालच्या श्रेणीत निघाली. ही काही कोपऱ्यात पडलेली अ‍ॅप नव्हती. सर्वाधिक उतरवून घेतली जाणारी शैक्षणिक अ‍ॅप त्यांत होती.

यातील दोष समजून घेण्यासाठी अक्षर गिरविण्याचे साधे उदाहरण पुरेसे आहे. एका अ‍ॅपमध्ये 'क' हे अक्षर ठिपक्यांनी काढलेले आहे. मूल त्यावरून बोट फिरविते. बोट शेवटच्या ठिपक्याला लागताच टाळ्यांचा कडकडाट होतो, फुगे फुटतात, पडद्यावरून नाणी घरंगळतात, अस्वल नाचते. हे सर्व संपेपर्यंत 'क' पडद्यावरून नाहीसा झालेला असतो. पाठोपाठ 'ख' येतो. चार अक्षरांनंतर कुलूप दिसते, आणि कुलूप उघडण्यासाठी जाहिरात पाहावी लागते. दुसऱ्या अ‍ॅपमध्येही ठिपक्यांचा 'क'च आहे. बोट फिरले की एकच आवाज 'क' म्हणतो आणि शेजारी कणीस दिसते. मग काहीही होत नाही. पडदा थांबून राहतो. मूल पुन्हा गिरविते, किंवा कणसाला हात लावते, किंवा वर पाहून "आपल्या शेतात आहे," असे म्हणते. जे शिक्षण घडावयाचे ते या थांबण्यात घडते. पहिल्या अ‍ॅपमध्ये मुलाला 'क' आठवत नाही, अस्वल आठवते. कित्येक अ‍ॅपमध्ये तर चुकीच्या उत्तराला होणारा आवाज बरोबर उत्तराच्या आवाजापेक्षा गमतीदार असतो, आणि मुले तो ऐकण्यासाठी मुद्दाम चुकतात. यात मुलांचा दोष काढता येणार नाही.

गोष्टींच्या अ‍ॅपनाही हेच लागू पडते. नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा पुस्तकांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये घेतला. गोष्टीशी जुळणारे हलते चित्र, आवाज व संगीत यांचा आकलनास उपयोग होतो. चित्रात जागोजागी पेरलेले खेळ आणि बोट लावताच उड्या मारणाऱ्या वस्तू मात्र आकलनात अडथळा आणतात, असे त्यांना आढळले. ससा पळत असताना ससा पळताना दिसावा, हे योग्य. ससा पळत असताना झाडावरचे घुबड शिट्टी वाजवू लागले, तर गोष्ट तुटते.

जुनी पण उपयोगी दृष्टी

या विषयाची आपल्याकडील परंपरा अ‍ॅपपेक्षा बरीच जुनी आहे. मारिया मॉन्टेसरी यांच्या साधनांचे मुख्य वैशिष्ट्य असे की, एका साधनात एकच गुण वेगळा काढलेला असतो. लांबी शिकवावयाची तर रंग, जाडी सर्व सारखे. फरक केवळ लांबीचा. दुसरे असे की, चूक साधनच दाखविते. जाड दट्ट्या अरुंद खाचेत बसतच नाही. कोणी रागावत नाही, कोणी टाळ्याही वाजवीत नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. परदेशी बनावटीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती. म्हणून खडे, बिया, पाने, शिंपले, माती यांपासून साधने घडविण्यात आली आणि मुले जेथे होती त्या अंगणातच शाळा नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द आज शासकीय दप्तरात इतका रुळला आहे की, तो मुळात अंगणातून आला याचे स्मरण राहत नाही.

अ‍ॅपची पारख करताना हीच दृष्टी उपयोगी पडते. एका वेळी एकच गोष्ट शिकविणारे, चुकीला न हिणवणारे, बरोबर आल्यावर डोक्यावर न घेणारे आणि पडद्याबाहेरच्या वस्तूकडे मुलाला परत पाठविणारे अ‍ॅप चांगले. पाच आंबे मोजावयास लावणाऱ्या अ‍ॅपनंतर मूल पाच चिंचोके मोजावयास बसले, तर ते अ‍ॅप उपयोगी ठरले. ते पुन्हा अ‍ॅपच मागत राहिले, तर त्या अ‍ॅपचा पुनर्विचार करावा.

भाषेचा विचार येथे टाळता येत नाही. लहान मुलांसाठीच्या अ‍ॅपचा मोठा भाग इंग्रजी आहे, आणि 'मूल लवकर इंग्रजी शिकेल' हे त्यांच्या खपाचे एक प्रमुख कारण आहे. तीन वर्षांचे मूल आईशी ज्या भाषेत बोलते त्या भाषेतच त्याला प्रश्न विचारता येतात. मेळघाटात ती कोरकू असेल, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारात भिली. त्या भाषेत अ‍ॅप नसेल, तर आवाज बंद करून केवळ चित्र दाखवावे आणि बोलण्याचे काम सेविकेने किंवा आजीने करावे, हे अधिक श्रेयस्कर.

रडू थांबविण्यासाठी मोबाईल

सर्वांत कठीण प्रश्न हा आहे. अ‍ॅप कितीही चांगले असले तरी ते केव्हा दिले जाते, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. मिशिगन विद्यापीठातील जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची मुले असलेल्या ४२२ पालकांची काही महिने पाहणी केली. तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल चिडले की त्याला मोबाईल देऊन शांत करण्याचे प्रमाण जेथे अधिक, तेथे काही महिन्यांनी मुलाचा चिडखोरपणा वाढलेला दिसला; मुलग्यांमध्ये आणि मुळात चंचल असलेल्या मुलांमध्ये हा संबंध अधिक स्पष्ट होता. एकाच पाहणीवरून मोबाईलमुळेच असे घडते, असा निर्णय देता येत नाही. परंतु कारणमीमांसा समजण्यासारखी आहे. राग आला असता तो ओळखणे, थोडा वेळ सहन करणे आणि ओसरू देणे, हे मूल सरावानेच शिकते. प्रत्येक वेळी पडदा पुढे आला तर तो सराव होत नाही.

येथे मातांना दोष देऊन भागणार नाही. चुलीवर भाकरी, पदरात तान्हे, शेतावर जावयाची घाई आणि घरात दुसरे मोठे माणूस नाही, अशा स्थितीत मोबाईल हाच मदतीचा हात ठरतो. तथापि दोन वेळा मात्र टाळाव्यात, असे आग्रहाने सांगावेसे वाटते : जेवणाची आणि झोपण्यापूर्वीच्या तासाची. पडद्याकडे पाहत भरविलेल्या मुलाला पोट भरल्याचे भान राहत नाही. रडणे थांबविण्याची वेळ आलीच, तर मोबाईल पालथा ठेवून त्यावर गाणे किंवा गोष्ट लावावी. आवाज ऐकत मूल इकडेतिकडे वावरते आणि पडदा मिळालाच नसल्याने तो काढून घेण्याचा प्रसंग येत नाही.

जाहिराती, पैसे आणि कायदा

पाच वर्षांखालील मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या १३५ अ‍ॅपच्या अमेरिकेतील पाहणीत, २०१९ मध्ये, ९५ टक्के अ‍ॅपमध्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची जाहिरात आढळली. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यांतील फरक कळत नाही. पडद्यावरचे पात्रच "हे विकत घे" म्हणू लागले, तर मुलाच्या लेखी तो मित्राचा शब्द असतो. म्हणून मोफत अ‍ॅपची किंमत कोण चुकवितो, हे प्रथम पाहावे. शासकीय किंवा धर्मादाय निधीवर चालणारे अ‍ॅप एक. एकदाच किंमत घेणारे दुसरे. आणि मुलाचे लक्ष विकून चालणारे तिसरे.

'सात दिवस मोफत' या सवलतीविषयी विशेष दक्षता घ्यावी. बँक खात्याशी जोडलेल्या मोबाईलवर एकदा संमती दिली की मुदतीनंतर रक्कम आपोआप वळती होऊ लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाची फसगत करणाऱ्या मांडणीच्या १३ प्रकारांना प्रतिबंध करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्गणी सहज सुरू होणे आणि बंद करणे अवघड असणे, खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्यास ओशाळवाणे वाटेल अशी शब्दरचना करणे, हे प्रकार त्यांत समाविष्ट आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ उपलब्ध आहे. मुलांच्या माहितीबाबत डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यास पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलाचा माग काढणे वा त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यास मनाई आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. तोपर्यंत अक्षर गिरविण्याच्या अ‍ॅपने छायाचित्रे, संपर्क-यादी किंवा ठिकाण पाहण्याची परवानगी मागितल्यास ती नाकारणे, हा साधा उपाय आहे.

मुलाच्या हाती देण्यापूर्वी

मोठ्या माणसाने दहा मिनिटे खर्च केली तर बहुतेक अ‍ॅपचा निकाल लागतो. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या नावाखालीच जाहिराती आहेत काय आणि आत खरेदी आहे काय, हे लिहिलेले असते, ते वाचावे. अ‍ॅप उतरवून घेतल्यावर मोबाईल विमान-स्थितीत ठेवावा, म्हणजे इंटरनेट बंद करावे, आणि मग ते उघडावे. इंटरनेटशिवाय चालणारे अ‍ॅप वाडीवस्तीवर उपयोगी पडते आणि त्यात जाहिरातींचा शिरकावही कमी होतो. नंतर काहीही न करता मिनिटभर थांबावे. अ‍ॅप वाट पाहते, की बोलावू लागते, चमकू लागते, हात दाखवू लागते? मग मुद्दाम चुकावे आणि काय होते ते पाहावे. शेवटी बाहेर पडावे. एक गोष्ट संपल्यावर दुसरी आपोआप सुरू होत असेल, किंवा निरोप घेताना पात्र रडू लागत असेल, तर ते अ‍ॅप काढून टाकण्यास हरकत नाही. मुलाला अ‍ॅपमधून उठता येणे, ही माझ्या मते पहिल्या क्रमांकाची कसोटी आहे. अक्षरे किती शिकविते हा प्रश्न नंतरचा.

उपलब्ध साधनांपैकी काहींचा उल्लेख करता येईल. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संचात मराठीसह अनेक भारतीय भाषांतील चित्रकथा विनामूल्य मिळतात. त्या मुक्त परवान्याखाली असल्याने छापून घेऊन भिंतीवर लावता येतात, हे ग्रामपंचायतीच्या दृष्टीने अधिक मोलाचे. खान अकॅडमी किड्स हे दोन ते आठ वर्षांसाठीचे अ‍ॅप विनामूल्य व जाहिरातमुक्त आहे; परंतु ते मराठीत नसल्याने आपल्याकडे त्याचा उपयोग मर्यादितच. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' हा खेळणी, कोडी, बाहुल्या व चित्रपत्रांचा संच जाहीर केला, आणि २०२४ मध्ये त्याचे ई-रूप आले. ते मुख्यतः शिक्षक व पालकांनी वापरावयाचे आहे : गोष्ट मोठ्यांनी शोधावी आणि मुलांना तोंडाने सांगावी.

अंगणवाडीतील वापर

महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. सक्षम अंगणवाडी योजनेतून त्यांपैकी काहींना पडदे मिळत आहेत, तर काही ग्रामपंचायती स्वनिधीतून टॅब घेण्याचा ठराव करीत आहेत. ठरावापूर्वी एक व्यावहारिक बाब ध्यानी घ्यावी. वीस मुलांत एक टॅब म्हणजे एकाच्या हातात खेळ आणि एकोणीस जणांची ओढाताण. त्यापेक्षा भिंतीवरील पडद्यावर एक चित्रकथा, तीही पान थांबवून, मुलांना विचारीत, दहा मिनिटे दाखविणे साधते. सेविकेच्या शासकीय मोबाईलवर पोषण ट्रॅकरची नोंदणी असते. तो मुलांच्या हाती देऊ नये. पडदा किंवा टॅब घ्यावयाचाच असेल तर ज्या अ‍ॅपसाठी घ्यावयाचा ते सेविका, पर्यवेक्षिका आणि दोन माता यांनी आधी एखाद्याच्या मोबाईलवर उघडून पाहावे, आणि कोणते अ‍ॅप, कोणत्या भाषेत, वर्गणी किती व ती कोण भरणार, हे ठरावातच नमूद करावे. वर्गणीची तरतूद न केल्याने पहिल्या वर्षानंतर बंद पडलेला टॅब कपाटात राहतो आणि जडवस्तू नोंदवहीत मात्र चालू दिसतो. तेवढ्याच रकमेत मराठी चित्रकथांचे छापील संच, चटया आणि लाकडी ठोकळे येत असतील, तर त्यांचे दरपत्रकही त्याच सभेपुढे ठेवावे.